'व्यक्ती' म्हणजे कोण? : कॅनडाच्या हक्कसंहितांचे एक वाचन

कायद्याचे पुस्तक हा समीक्षेचा विषय नव्हे, असे आपल्याकडचे बहुतेक समीक्षक मानून चालतात. कविता, कथा, कादंबरी समीक्षकाने पाहावी आणि कायदा वकिलावर सोपवावा, अशी ही वाटणी आहे. ती आपल्याला मान्य करता येत नाही. आपल्या चळवळीने समीक्षेचा पहिला मोठा धडा एका कायद्याच्या ग्रंथावरच गिरवला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा एका ग्रंथातील माणसाविषयीच्या कल्पनेला नकार दिला गेला. ग्रंथ कोणाला माणूस मानतो, कोणाला मानत नाही, आणि हे ठरवण्याचा अधिकार तो कोणाच्या हाती ठेवतो, हे तीन प्रश्न तेव्हापासून आपल्या वाचनाचे प्रश्न झाले. ज्या आधुनिक संहिता समतेची ग्वाही देतात त्यांनाही हेच प्रश्न विचारले पाहिजेत.

या वाचनासाठी कॅनडाची निवड करण्याला कारणे आहेत. मानवी हक्कांचा आदर्श देश म्हणून जगाच्या व्यासपीठावर कॅनडाचे नाव घेतले जाते. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा पहिला मसुदा जॉन हम्फ्री या कॅनेडियन कायदेपंडिताने तयार केला. बलवान केंद्र असलेल्या संघराज्याची आपली रचनाही कॅनडाच्या घटनेशी नाते सांगते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना, संघराज्य असूनही 'युनियन' म्हणवून घेणारा देश म्हणून बाबासाहेबांनी कॅनडाचाच दाखला दिला होता. आणि आता तर जातीची तक्रार घेऊन आपली माणसे कॅनडातल्या कचेऱ्यांच्या दारात उभी आहेत. तेव्हा ते घर आतून कसे आहे, हे पाहून घेणे गरजेचे ठरते.

१

१७६३ साली ब्रिटिश राजाने उत्तर अमेरिकेसंबंधी एक घोषणा काढली. तिच्यात तेथील मूळ रहिवाशांचा उल्लेख 'राष्ट्रे वा जमाती' असा होता. त्यांची जमीन राजसत्तेखेरीज कोणी परस्पर विकत घेऊ नये, असेही तिने बजावले होते. १८६७ साली ब्रिटिश नॉर्थ अमेरिका अ‍ॅक्ट संमत झाला आणि कॅनडाचे संघराज्य जन्माला आले. या कायद्याच्या ९१ व्या कलमात केंद्र सरकारच्या अखत्यारीतील विषयांची यादी आहे. तिच्यात टपाल आहे, दीपगृहे आहेत, मासेमारी, नाणी, वजने-मापे आहेत; आणि चोविसाव्या क्रमांकावर आहेत 'इंडियन आणि इंडियनांसाठी राखून ठेवलेल्या जमिनी'. ज्यांच्या भूमीवर हे राज्य उभे राहिले, ते या यादीत कारभाराचा एक विषय म्हणून आले. एका शतकात राष्ट्राचा 'विषय' झाला.

पुढची पायरी १८७६ च्या इंडियन अ‍ॅक्टने गाठली. (यातील 'इंडियन' म्हणजे आपण भारतीय नव्हे, कोलंबसाच्या चुकीतून त्या लोकांच्या माथी बसलेले हे नाव कायद्याने तसेच उचलले.) या कायद्याच्या तिसऱ्या कलमात व्याख्या दिल्या आहेत. तेथे 'व्यक्ती' या शब्दाची व्याख्या अशी आहे की, संदर्भावरून वेगळा अर्थ स्पष्ट होत नसेल तर, व्यक्ती म्हणजे इंडियन नसलेला माणूस.

कायदेपंडित यावर म्हणतील की, ही निव्वळ मसुद्याची सोय आहे. राखीव वस्तीत कोणा 'व्यक्ती'ने घुसू नये असे लिहिताना प्रत्येक वेळी 'इंडियन सोडून' असे लिहावे लागू नये एवढाच तिचा हेतू. हे स्पष्टीकरण तांत्रिकदृष्ट्या चुकीचे नाही. परंतु समीक्षकाला येथेच थांबावे लागते. एका समूहाला 'व्यक्ती' या शब्दाबाहेर काढणे ज्या भाषेत सोयीचे ठरते आणि लिहिणाऱ्याचा हात जरासुद्धा अडखळत नाही, त्या भाषेचे मन कसे असेल? वर्चस्वाचे खरे रूप शिवीत दिसत नाही. ते अशा सोयीत दिसते.

याच कायद्यातले ८६ वे कलम आपल्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावे. जो इंडियन विद्यापीठाची पदवी घेईल, डॉक्टर किंवा वकील होईल, अथवा ख्रिस्ती धर्मोपदेशक होईल, तो आपोआप 'मुक्त' होईल, असे ते सांगते. मुक्त होईल म्हणजे इंडियन राहणार नाही. आपल्याकडे ज्ञानाचा दरवाजा बंद ठेवून माणसाला माणूसपणापासून दूर ठेवले गेले. तेथे दरवाजा उघडला, पण आत येताना आपले लोक, आपले नाव उंबऱ्याबाहेर ठेवण्याची अट घातली. शिकलेला माणूस आपल्या समाजाचा राहूच नये, अशी ही योजना होती. चार वर्षांनी 'आपोआप'ची सक्ती सैल करण्यात आली; दृष्टी मात्र तीच राहिली.

२

'व्यक्ती' या शब्दाचा खटला कॅनडात प्रसिद्ध आहे, पण तो या लोकांचा नव्हे. सेनेटवर नेमण्यास पात्र अशा 'व्यक्तीं'मध्ये स्त्रिया येतात काय, हा प्रश्न अल्बर्टा प्रांतातील पाच स्त्रियांनी उपस्थित केला. १९२८ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 'येत नाहीत' असे सांगितले. १८ ऑक्टोबर १९२९ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला, आणि घटना ही वाढत्या झाडासारखी असते ही प्रतिमा तेव्हापासून कॅनडाच्या न्यायशास्त्रात रुजली. हा विजय लहान नव्हता. पण 'व्यक्ती' ठरल्या त्या कोणत्या स्त्रिया? १८७६ ची व्याख्या त्या दिवशीही कायद्याच्या पुस्तकात होती. मूळ रहिवासी स्त्रीला आपली नोंद न गमावता देशाच्या निवडणुकीत मत देता येण्यास १९६० साल उजाडले. शिवाय त्या पाचांतील प्रमुख एमिली मर्फी यांनी 'अपात्र' मानलेल्या माणसांच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाचा पुरस्कार केला होता. तसा कायदा अल्बर्टात १९२८ साली झाला, १९७२ पर्यंत टिकला, आणि मूळ रहिवासी त्याला आपल्या लोकसंख्येच्या मानाने अधिक बळी पडले. एका दारातून आत गेलेला माणूस मागच्यासाठी दार उघडे ठेवीलच असे नाही. आपल्याकडच्या सुधारणेच्या इतिहासात याची उदाहरणे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

३

साहित्याच्या अभ्यासकांनी आणखी एका नावाची नोंद घ्यावी : डंकन कॅम्पबेल स्कॉट. कॅनडाच्या काव्येतिहासात या कवीला मानाचे स्थान आहे. मूळ रहिवाशांवर, विशेषतः त्यांच्या स्त्रियांवर, त्याने कविता लिहिल्या. 'द ऑनॉनडागा मॅडोना' ही त्यातली नावाजलेली. त्या कवितांत करुणा आहे, नष्ट होत चाललेल्या वंशाविषयी हुरहूर आहे. हाच स्कॉट १९१३ ते १९३२ या काळात इंडियन खात्याचा सर्वोच्च अधिकारी होता. १९२० साली मूळ रहिवाशांच्या मुलांना शाळेत घालणे सक्तीचे करणारी दुरुस्ती त्याच्याच कारकिर्दीत झाली. देशात विलीन न झालेला एकही इंडियन उरू नये, इंडियनांचा प्रश्न आणि इंडियन खाते दोन्ही संपावीत, हा उद्देश त्याने संसदीय समितीपुढे उघडपणे सांगितला.

निवासी शाळांत काय चालले होते, हे सरकारला ठाऊक नव्हते असेही नाही. डॉ. पीटर ब्राइस या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने १९०७ सालीच या शाळांतील क्षयाचा आणि बालमृत्यूंचा अहवाल दिला होता. तो बाजूला सारला गेला. निवृत्तीनंतर १९२२ साली ब्राइसने स्वतःच पुस्तिका काढून ही गोष्ट लोकांपुढे ठेवली. या शाळांतून सुमारे दीड लाख मुले गेली. आईबापांपासून तोडलेली, मातृभाषा बोलल्याबद्दल मार खाल्लेली ही मुले होती. त्यातली हजारो परत आली नाहीत. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २००८ साली. सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ मागण्यांसह अहवाल सादर केला आणि या धोरणाला 'सांस्कृतिक वंशसंहार' असे नाव दिले.

तेव्हा स्कॉटच्या करुणेचे मोल काय करायचे? कविता चांगली आणि धोरण वाईट, अशी सोपी फाळणी करून चालणार नाही. ज्या माणसाला कवी 'संपत चाललेला' म्हणून पाहतो त्यालाच अधिकारी संपवत असतो. हुरहूर आणि हुकूम ही एकाच दृष्टीची दोन अंगे आहेत. सवर्ण लेखकांच्या सहानुभूतीच्या साहित्याविषयी दलित समीक्षेने जो आक्षेप घेतला, तो आकसाचा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी स्कॉटचे हे उदाहरण तपासून पाहावे.

४

१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणारा शब्दप्रयोग होता. तो बदलून 'सर्व मानव' असा करण्याचा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी धरला आणि तो मान्य झाला. सहावे कलम सांगते की, प्रत्येकाला सर्वत्र कायद्यासमोर व्यक्ती म्हणून मान्यता मिळण्याचा हक्क आहे.

अंतिम मतदानाच्या काही दिवस आधी, समितीतील मतदानात कॅनडा तटस्थ राहिला होता. मसुदा ज्याच्या टेबलावर लिहिला गेला तो माणूस कॅनडाचा, आणि हात वर न करणारा प्रतिनिधीही कॅनडाचाच. मित्रराष्ट्रांत शोभा होईल म्हणून शेवटच्या दिवशी त्याने बाजूने मत दिले. त्या दिवशी इंडियन अ‍ॅक्टमध्ये इंडियनाला वगळणारी 'व्यक्ती'ची व्याख्या कायम होती. जमिनीचे दावे लढवण्यासाठी सरकारी परवानगीशिवाय वर्गणी गोळा करण्यास बंदी घालणारे, १९२७ साली घातलेले कलमही कायम होते. म्हणजे न्यायालय उघडे होते, पण वकिलाला पैसे देणे गुन्हा होता. या दोन्ही गोष्टी १९५१ साली गेल्या. जाहीरनामा आणि कायदा एकाच देशाच्या कपाटात तीन वर्षे शेजारी-शेजारी राहिले, आणि त्या कपाटाला तडा गेला नाही.

५

यापुढचा भाग अधिक गुंतागुंतीचा आहे. १९६० साली कॅनडाने बिल ऑफ राइट्स संमत केले. राखीव वस्तीबाहेर नशेत सापडलेल्या इंडियनाला वेगळा दंड देणारे कलम या बिलाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ च्या अखेरीस, ड्रायबोन्स खटल्यात, निष्प्रभ केले. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती रिची यांनी लिहिला. पुढे जेनेट लाव्हेल हिचा खटला आला. मूळ रहिवासी स्त्रीने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केले तर तिची नोंद कायमची रद्द होई. पुरुषाने गोऱ्या स्त्रीशी लग्न केले तर मात्र त्या गोऱ्या स्त्रीला इंडियन म्हणून नोंद मिळे. यात विषमता आहे हे सांगायला न्यायाधीश कशाला हवा? पण १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी लाव्हेल हरली. सर्व इंडियन स्त्रियांना कायदा सारखाच लावला जात आहे, मग विषमता कुठे, असा युक्तिवाद मान्य झाला. तोही न्यायमूर्ती रिची यांनीच लिहिला.

या खटल्यात मूळ रहिवाशांच्या पुरुषप्रधान संघटना लाव्हेलच्या विरोधात उभ्या राहिल्या, ही गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. त्यांची भीती समजून घेतली पाहिजे. १९६९ साली सरकारने एक श्वेतपत्रिका काढून इंडियन अ‍ॅक्ट, राखीव वस्त्या आणि विशेष दर्जा सर्व काही 'समते'च्या नावाने रद्द करण्याचे सुचवले होते. हॅरॉल्ड कार्डिनल या तरुण क्री नेत्याने 'द अनजस्ट सोसायटी' हे पुस्तक लिहून तिचा समाचार घेतला आणि सरकारला ती मागे घ्यावी लागली. ज्या कायद्याने अपमान केला त्यालाच धरून ठेवण्याची पाळी त्याने का यावी? कारण करारांनी कबूल केलेले देणे फेडण्याआधीच सगळे समान झाले असे जाहीर करणे, म्हणजे ऋणकोने स्वतःच वही फाडून टाकणे होय. जातीचा रकाना खोडा, सवलती बंद करा, म्हणजे जात जाईल, असे आपल्याला सांगणारे हीच वही फाडू पाहतात. पण समाजावरील संकटाचे कारण पुढे करून समाजातल्या स्त्रीला गप्प बसवणे हे वेगळे पाप आहे. जात टिकते ती स्त्रीच्या लग्नावरच्या नियंत्रणातून, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठात मांडले होते. इंडियन अ‍ॅक्टने नेमकी तीच युक्ती कायद्यात आणली, आणि काही काळाने ती त्या समाजातील पुरुषांनाही आपलीशी वाटू लागली. आपल्या चळवळीतील पुरुषांनी येथे स्वतःकडे पाहावे.

देशातले दार बंद झाल्यावर टोबिक वस्तीतील सँड्रा लव्हलेस हिने १९७७ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय दार ठोठावले. १९७९ साली टोबिकच्या स्त्रियांनी ओटावापर्यंत शंभर मैलांची पदयात्रा काढली. ३० जुलै १९८१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने कॅनडाला दोषी ठरवले. समितीने आधार घेतला तो अल्पसंख्याकांच्या संस्कृतीविषयीच्या २७ व्या कलमाचा. लव्हलेसचे लग्न करार लागू होण्यापूर्वीचे असल्यामुळे लिंगभेदाच्या मुद्द्यावर थेट निर्णय देणे समितीने टाळले. तिची भाषा, तिची माणसे जेथे आहेत ती जागा टोबिकखेरीज जगात दुसरी नाही, आणि तेथे राहण्याचा हक्क नाकारणे म्हणजे तिची संस्कृतीच नाकारणे, असे समितीने म्हटले. विजय मिळाला, तरी तो वळसा घालून मिळाला.

६

१७ एप्रिल १९८२ रोजी कॅनडाची हक्क व स्वातंत्र्यांची सनद अमलात आली. समतेचे १५ वे कलम तीन वर्षे थांबवून ठेवले होते. ते लागू होताच १९८५ साली इंडियन अ‍ॅक्ट दुरुस्त झाला आणि हजारो स्त्रियांना नोंद परत मिळाली. पण दुरुस्तीने एक नवी चाळणी आणली : लागोपाठ दोन पिढ्यांत बाहेर लग्न झाले की तिसऱ्या पिढीची नोंद बंद. लिंगभेदाचे उरलेले अवशेष काढायला २०११, २०१७ आणि २०१९ अशी सालामागून साले गेली. २०१९ मध्येही दोन पिढ्यांचा हा नियम हलवला गेला नाही. सनद बदलली, पण व्याख्येची लेखणी सरकारच्याच हाती राहिली.

सनदेसोबतच्या ३५ व्या कलमाने मूळ रहिवाशांच्या हक्कांना घटनात्मक मान्यता दिली. ज्या मेटी लोकांना इंडियन अ‍ॅक्टने कधी मोजलेच नव्हते, त्यांचे नावही त्यात प्रथम आले. याच मेटी समाजातील मारिया कॅम्पबेल हिचे 'हाफब्रीड' हे आत्मकथन १९७३ साली निघाले होते. शिवीलाच तिने पुस्तकाचे नाव केले. पोलिसांनी केलेल्या अत्याचाराची पाने त्यातून काढून टाकण्यात आली होती. ती परत जागेवर यायला २०१९ साल लागले. दलित आत्मकथनांच्या वाचकाला या पानांचे मोल सांगावे लागणार नाही.

३५ व्या कलमाची कसोटी लागली ती डेलगामूक खटल्यात. ब्रिटिश कोलंबियातील गिट्क्सान आणि वेटसुवेटेन लोकांनी आपल्या भूमीवर दावा सांगितला. त्यांच्याकडे खरेदीखत नव्हते. पिढ्यान् पिढ्या गायिलेली, सांगितलेली परंपरा होती. एक वृद्ध स्त्री साक्षीत आपल्या घराण्याचे गाणे गाऊ लागली, तेव्हा न्यायाधीशांनी, आपला कान पत्र्याचा आहे, गाऊन उपयोग नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले. तरीही ती गायिली. १९९१ च्या निकालात दावा फेटाळला गेला. ११ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून सांगितले की, मौखिक इतिहासाला लिखित कागदाच्या बरोबरीने तोलले पाहिजे. जमीन मिळाली नाही. खटला नव्याने चालवावा असे ठरले. परंतु लेखी शब्द हाच पुरावा, या प्रस्थापित ज्ञानव्यवहाराला त्या गाण्याने धक्का दिला. ज्यांचा इतिहास लिहिला गेला नाही अशा सर्वांच्या दृष्टीने हा निकाल महत्त्वाचा आहे.

७

आता आपल्याविषयी. व्याख्येची लेखणी कोणाकडे, हा प्रश्न आपल्यालाही चुकलेला नाही. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने धर्माची अट घातली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ज्यांनी माणूसपणाचे पाऊल उचलले, ते केंद्राच्या यादीतून बाहेर पडले आणि १९९० पर्यंत बाहेर राहिले. मुक्त व्हा आणि नाव गमवा, ही ती कॅनडातली अट आपल्या दारात वेगळ्या वेषात आली होती. ख्रिस्ती आणि मुस्लिम झालेल्या दलितांना १९९० च्या दुरुस्तीतही जागा मिळाली नाही.

आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर आपल्या शासनाचे वागणे कॅनडाहून फार वेगळे नाही. १९६५ च्या वंशभेदविरोधी करारात 'वंशपरंपरा' हा शब्द भारताच्या सूचनेने आला. पुढे त्या शब्दात जात येते असे म्हटल्यावर भारतानेच ते नाकारले. २००२ साली करारावरील समितीने जात त्यात येते असे स्पष्ट केले. २००७ साली मूळ रहिवाशांच्या हक्कांच्या जाहीरनाम्याविरुद्ध ज्या चार देशांनी मत दिले त्यात कॅनडा होता. त्याने विरोध सोडला २०१६ मध्ये. भारताने बाजूने मत दिले, पण आमचे सगळेच लोक मूळ रहिवासी आहेत, असे सांगून आदिवासींचा प्रश्न शिताफीने टाळला. एक देश 'नाही' म्हणून नाकारतो, दुसरा 'होय' म्हणून.

२०२३ साली ऑन्टारिओच्या मानवी हक्क आयोगाने जातीवर आधारित भेदभाव हा तेथील हक्ककायद्याखाली येतो अशी भूमिका जाहीर केली. त्याच वर्षी टोरोंटोच्या शाळा मंडळानेही जातीच्या जाचाची दखल घेणारा ठराव केला. तेथील आपल्या बांधवांच्या झगड्याचे हे फळ आहे, त्याचे स्वागत केले पाहिजे. मात्र ज्या भूमीवर हा न्याय आपण मागतो, तिच्या मूळ लोकांचा न्याय अजून पुरा झालेला नाही, हे आपण विसरू नये. आपला लढा त्यांच्या लढ्याला पाठ दाखवून उभा राहिला तर तो १९२९ च्या त्या पाच स्त्रियांसारखा होईल.

कायदा म्हणजे निव्वळ फसवणूक, असे म्हणणारे एका टोकाला आहेत. घटना आहे ना, मग काळजी कशाची, असे म्हणणारे दुसऱ्या टोकाला. कॅनडाचा हा इतिहास दोघांनाही दुजोरा देत नाही. लव्हलेसला कायद्याचा उपयोग झाला, पण शंभर मैल चालल्यावर. हक्कांचे खरे रक्षण समाजाची सदसद्विवेकबुद्धी करते, कायदा एकटा करू शकत नाही, हे बाबासाहेबांनी १९४३ च्या रानडे व्याख्यानात सांगितले होते. आणि त्यांनीच पुढे घटना लिहिली. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच निष्ठेने केल्या.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी अभ्यासवर्गात कायदा हाती घेताना उद्देशिका वाचून थांबू नये. प्रथम व्याख्यांचे कलम उघडावे. त्यात आपण कोण ठरलो आहोत, कोणी ठरवले, आणि आपल्याबरोबर कोणाला वगळले आहे, हे तपासावे. मगच हक्कांची यादी वाचायला घ्यावी.